गिरणेत सोडलेला सातपुडा

आमच्या वर्गाचा पहिला सातपुडा एका रेडकानं चाटून खाल्ला. खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, मला आता या वयात कुणाची मनधरणी करायची नाही. माती खारवट होती, शाळेच्या कुंपणाचं फाटक उघडं राहिलं होतं, रेडकू आत शिरलं आणि असीरगडाकडून चाटत चाटत थेट शहाद्यापर्यंत गेलं. तापी मात्र त्यानं सोडली. कदाचित पोट भरलं असेल.

मी तेव्हा गिरणाकाठच्या एका गावात, भडगावाच्या जवळच, मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. मूळची धुळ्याची. सरकारनं एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले तेव्हापासून आम्हा धुळेकरांना जळगावच्या बाजूला नोकरी लागली की घरातले असं तोंड करायचे, जणू मी गलबतात बसून विलायतेलाच निघाले. लग्नानंतर वर्षा-दीडवर्षात माझा नवरा तापानं गेला. भावानं मला ट्रेनिंगला घातलं आणि मी मास्तरीण झाले. एवढं सांगितलं की पुरे, रडगाणं मला आवडत नाही.

त्या शाळेत वर्ग चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मुलीला घोड्यावर बसवून जळगावला धाडायला हवं, आणि तसं कोण धाडणार? मोठ्या खटपटीनं एका वर्षापुरती पाचवी मंजूर झाली होती, आणि तिच्यासाठीच मला नेमलं होतं. अट अशी की उन्हाळ्यात दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, येऊन वर्गाची परीक्षा घेणार, शिकवणं पसंत पडायला हवं, आणि पटावर बारा मुली हव्यात. नाहीतर पाचवी बंद. माझ्या वर्गात मुली होत्या सात. आता साताच्या बारा कशा करायच्या? म्हणून मी मनाशी ठरवलं की शिकवणंच असं फक्कड दाखवायचं की साहेबानं पटाकडे काणाडोळा केलाच पाहिजे.

त्या सातांत एक उंच मुलगी होती. आवाज असा की गिरणेच्या पलीकडे ऐकू जावा. डोकं असं की एकदा सांगितलं की पुन्हा सांगायला नको. तिच्या बापानं मला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, वर्ग राहिला तर शिकू द्या. बंद झाला तर ज्येष्ठात तिचे हात पिवळे." पारोळ्याचं एक स्थळ बसलंच होतं दबा धरून. मी स्वतः कोणत्या वयात बोहल्यावर चढले होते ते मला ठाऊक होतं. त्यामुळे त्या पोरीचं मला फार वाटायचं, आणि वाटलं की मी तिलाच जास्त रागवायची. माझा स्वभावच तसला.

ही मुलगी आमच्या अक्काची नात. अक्का म्हणजे शाळेची बाई. झाडलोट करायची, पाणी भरायची, आणि सकाळी घरोघर जाऊन मुलींना गोळा करून आणायची. तेव्हा मुलींच्या शाळेला अशी बाई लागायचीच, नाहीतर एक मुलगी फिरकली नसती. अक्का दारात उभी राहून अशी हाक मारी की आया घाबरून मुलीला अर्ध्या वेणीनिशी बाहेर काढीत. गावात तिला घाबरत नव्हतं असं कुणी नव्हतं. एक मी सोडून. म्हणजे मी घाबरायची, पण दाखवायची नाही.

तर नकाशा. भिंतीवरचा कागदी नकाशा साहेबानं सतरा शाळांत पाहिलेला असणार. मी ठरवलं, आपण मातीचा उठावाचा नकाशा करायचा, अख्ख्या खानदेशाचा, डोंगर डोंगरासारखे वर आणि नद्या नद्यांसारख्या खाली. आणि माती कुठलीतरी नाही, जिथली तिथली! एका मुलीच्या घरच्या गोठ्याचं जुनं दार मिळालं. ते शाळेच्या ओसरीत चार विटांवर आडवं टाकलं. प्रमाण धरलं इंचाला चार मैल. मुली आधी म्हणाल्या, "बाई, एवढा मोठा खानदेश एवढ्याशा दारावर मावेल का?" त्यावर मी प्रमाण म्हणजे काय ते दोन दिवस शिकवलं, घसा बसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच मुली आयांना शिकवायला लागल्या की आपल्या घरापासून विहिरीपर्यंतचं अंतर इंचाला चार मैलांनी काढलं तर पाणी आणायला जायलाच नको, हंडा जिथं आहे तिथंच विहीर आहे. आया चिडल्या. मला बरं वाटलं, निदान कळलं तरी होतं.

माती यायला लागली ती अशी की विचारू नका. कुणाचा मामा एदलाबादेकडचा, त्यानं तापीकाठची काळीभोर माती पंचात बांधून आणली. कुणाची आत्या पारोळ्याला, तिनं मुरूम पाठवला आणि सोबत शेवया. एका मुलीचा भाऊ सातपुड्याच्या पायथ्याला लाकडं आणायला जायचा, तो तिथली तांबूस, खड्यांची माती घेऊन आला. मी मुलींना प्रत्येक माती बोटांत चोळायला लावली. काळी ओली झाली की बोटांना चिकटते, वाळली की भेगा पडतात, ओल धरून ठेवते, म्हणून तिच्यात कपाशी. मुरमात पाणी टाकलं की खाली पळून जातं, म्हणून तिथं बाजरी आली तर आली. मुलींनी प्रत्येक माती चाखूनही पाहिली. ते मी सांगितलं नव्हतं.

मग उत्तरेला सातपुडा रचला, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची टोकं. उंची दाखवायला डोंगराभोवती एकावर एक सुती दोरे गुंडाळले, एकेक दोरा म्हणजे एकेक उंची. मधून तापी, निळीच्या पाण्यात भिजवलेल्या पट्टीची. तिला येऊन मिळणारी आपली गिरणा. गावांच्या जागी गुंजा बसवल्या. जळगाव एक गुंज, धुळं एक गुंज, पारोळं एक गुंज, आणि हट्टानं आमचं गावही एक गुंज. दोन जिल्ह्यांमधली हद्द रांगोळीची. पहिला सातपुडा रेडकानं खाल्ला ते वर सांगितलंच आहे. दुसरा रचला तो बिनखारवट मातीचा.

राहिलं जंगल. डोंगर नुसता उघडा बोडका दिसत होता. साग, सालई, अंजन कुठून उगवायचे दारावर? तेव्हा ती उंच मुलगीच म्हणाली, "बाई, गहू पेरूया. आठ दिवसांत हिरवंगार." मी म्हटलं, शाबास. सातपुड्यावर दाट गहू पेरला, अजिंठ्यावर विरळ, कारण तिकडे रान विरळ. मधल्या सपाटीला काहीच नाही, कारण तिथं शेती. अशी मी शास्त्रशुद्ध वनस्पती दाखवली होती हो! आणि इथंच घोटाळा झाला.

आता खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. तिकडे पुण्याकडे आमरस खाऊन झोपतात, तशी नाही. आमच्याकडे हा मुलींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्याच्या आधीपासून घरोघर गौराई बसते. गौराई बसली की टोपलीत माती घालून गहू पेरायचे, त्यांना पाणी घालायचं, रोज पूजा करायची, आणि आखाजीच्या दिवशी गाणी म्हणत नदीत सोडायची. मी धुळ्याची, मला हे सगळं माहीत. पण सातपुड्यावरचा गहू तो सातपुड्यावरचा, आणि टोपलीतला तो टोपलीतला, असं माझं साधंसरळ म्हणणं.

अक्काचं म्हणणं निराळं. कोंब वर आले त्याच सकाळी मी ओसरीत गेले तर सातपुड्याला हळदकुंकू! तापी ओलांडून धुळ्यापर्यंत अक्षता!

"अक्का!" मी ओरडले. "हे काय?"

"गौराई उनी ना बाई," अक्का शांतपणे केरसुणी आपटत म्हणाली.

"कसली आलीय गौराई! ते जंगल आहे. सागाचं."

"गहू शे."

"गहू आहे, पण साग म्हणून पेरलाय."

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर स्वतःबद्दलच शंका आली. "तुमना सातपुडा ऱ्हावो का हिमालय ऱ्हावो," ती म्हणाली, "मातीमा गहू उगना म्हणजे माय उनी. तिले अशी वाळाले टाकतस का?"

मी कपाळावर हात मारला. बरं, नुसत्या हळदकुंकवावर थांबेल ती अक्का कसली? देवीचं तोंड पूर्वेला हवं म्हणून ती रोज पहाटे ते दार एकेका कोपऱ्यानं सरकवत फिरवून ठेवायची. मी होकायंत्र लावून उत्तर बरोबर जुळवून ठेवलेली असायची. सकाळी येऊन पाहावं तर सातपुडा पूर्वेला, सह्याद्री उत्तरेला, आणि तापी वाहतेय निजामाच्या मुलखातून. मी दार पुन्हा फिरवायची. ती पुन्हा फिरवायची. खानदेश इतका गरागरा फिरला असेल तो तेव्हाच. एकदा मी तिच्या हातात होकायंत्र देऊन म्हटलं, "ही सुई पाहा, ही नेहमी उत्तर दाखवते." अक्कानं सुई पाहिली, दार फिरवलं, पुन्हा सुई पाहिली आणि म्हणाली, "तिले दखाडू द्या ना. तिना देव तथा व्हई." सुईचा देव तिकडे असेल तर असेल, म्हणजे झालं! मी दार पुन्हा फिरवलं.

मुलींना मात्र या फिरवाफिरवीचा एक फायदा झाला. नकाशा कसाही ठेवा, त्या बोट बरोबर ठेवायला शिकल्या. माझ्या रागातून एवढं तरी निघालं.

आणि मग साहेबांचा निरोप आला की अमुक दिवशी येतो. मी दिवस पाहिला आणि तोंडचं पाणी पळालं. नेमकी आखाजी! साहेब कोकणातला. त्याच्या मुलखात त्या दिवशी फार तर देवाला नैवेद्य होत असेल, त्याला काय ठाऊक की त्या दिवशी खानदेशातली पोर शाळेत आणायची म्हणजे विहिरीत पडलेली घागर गळाशिवाय काढायची! पण साहेबाला नको म्हणायची कुणाची छाती? मी मुलींना बजावलं. गयावया केली, धमक्या दिल्या, शेवटी गूळ-शेंगदाणे कबूल केले. अक्काला म्हटलं, "अक्का, तुमच्याच नातीचा प्रश्न आहे. त्या दिवशी सातही मुली आणि हे दार, जसंच्या तसं, उत्तरेला तोंड करून, मला ओसरीत हवं."

"तुम्ही घोर नका करू बाई," अक्का म्हणाली. मी घोर केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

आखाजीच्या सकाळी मी गावाबाहेर टांग्याची वाट पाहत उभी. ऊन आतापासूनच असं की सावली स्वतःच सावली शोधत होती. साहेब उतरले. डोक्यावर सोला टोपी, हातात छत्री, गळ्यात पंचा, आणि चेहरा उकडलेल्या बीटासारखा. पहिलंच वाक्य, "बाई, ही हवा आहे की भट्टी?" दुसरं, "आमच्याकडे या दिवसांत संध्याकाळी वारा सुटतो." रस्ताभर तेच. आमच्याकडे माती तांबडी, आमच्याकडे पाऊस कसा, आमच्याकडे झाडं कशी. मी हो हो करत होते आणि मनात म्हणत होते, एकदा माझा सातपुडा पाहा, मग बोला.

ओसरीत पाय ठेवला. चार विटा होत्या. दार नव्हतं. खाली कुंकू सांडलेलं आणि एक गुंज पडलेली, ती बहुधा धुळ्याची. मुलगी एकही नाही. अक्का नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नकाशा कुठंय?" साहेबांनी विचारलं. आता काय सांगावं? मी खरं तेच सांगितलं. "साहेब, नदीवर गेलाय."

"नकाशा? नदीवर?"

"वर्गही गेलाय," मी म्हटलं. "चला."

नदीकडे जाता जाता गाणी ऐकू यायला लागली. दूरवर पाहते तर चार बायकांच्या डोक्यावर माझं दार, त्यावर माझा सातपुडा डुलतोय, पुढं अक्का, मागं सात मुली नटूनथटून. मी धावायला लागले. लुगड्याचा बोंगा धरून, मास्तरकीची अब्रू सोडून धावले. मागून साहेब छत्रीसकट. पण आम्ही काठाला पोचेपर्यंत अक्कानं दार उन्हाळ्यातही न आटलेल्या डोहात सोडलं होतं.

लाकडाचंच ते, बुडतंय कसलं! खानदेश तरंगत निघाला. हळूहळू गोल फिरत, आयुष्यात पहिल्यांदा कुणी न फिरवता. पाणी वर चढलं तशी तापीकाठची काळी माती विरघळून शाईसारखी पसरली. मुरूम बसून राहिला. अजिंठ्याचे डोंगर खचले. सातपुडा तेवढा गव्हाच्या मुळ्यांनी धरून ठेवलेला, म्हणून उभा.

"अहो, पाहा पाहा!" साहेब मागून धापा टाकत ओरडले. "बारीक माती आधी वाहते! जाड मागं राहते! आणि जिथं झाडोरा आहे तिथं झीज नाही! उत्तम!"

मला त्या वेळी त्यांना डोहात ढकलावंसं वाटलं. मी अक्कावर धावून गेले. "अक्का, माझा वर्ग बुडवलात तुम्ही! नातीचं लग्न आता तुम्हीच लावा!"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "बाई, वर्गसाठीच कया ना," ती म्हणाली. "आज तिले सोडं नसतं तं ती रुसनी असती. मंग वर्ग ऱ्हायता का?" माझा राग जिथल्या तिथं अडकला. ही बाई माझ्याइतकीच वर्गासाठी जीव टाकत होती, फक्त तिचा साहेब वेगळा होता.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आरोळी आली. आता हेही सांगायला हवं. आखाजीला नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतल्या बायका-मुली गौराई घेऊन समोरासमोर येतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. त्याला बार म्हणतात. मधूनमधून ढेकळंही येतात. भांडण नव्हे, हा सणच. पलीकडे आमच्यातल्याच कुणाची मावशी, कुणाची नणंद उभी असते आणि वर्षभराचा हिशेब त्या दिवशी गाऊन चुकता होतो. ज्या गावाला आधी उत्तर सुचेनासं होतं ते हरलं. मग वर्षभर त्यांनी बाजारात मान खाली घालून जायचं.

पलीकडून एक ठसठशीत बाई पुढं आली, त्यांची म्होरकी. तिनं आमच्या पोरींकडे हात करून सूर लावला, की अल्याडच्या पोरी काळ्या गं, चुलीतल्या कोळशाच्या बहिणी गं. पलीकडे हशा पिकला. आमच्याकडच्या बायका तोंड उघडणार तोच ती उंच मुलगी पाण्यात दोन पावलं पुढं गेली आणि खणखणीत आवाजात गायली,

"काळी माटी कपाशी पिकाडस वं,
तुमना मुरूम कुसळबी नही उगाडस वं!"

 साहेबांनी छत्री मिटली. "ही कोण?"

"माझ्या वर्गातली," मी म्हटलं, कारण नाही म्हणून काय उपयोग होता?

पलीकडून उत्तर आलं, की तुमच्या विहिरी कोरड्या, तुमच्या घागरी फुटक्या. त्यावर आमच्या दुसऱ्या एका मुलीनं सुनावलं की तुमचं गाव डोंगराच्या पाठीशी, ढग येतो तो तुमच्याकडे पाठ करूनच जातो. हे ऐकून मला राहवेना. "अगं, चूक!" मी काठावरून ओरडले. "दोन्ही गावं एकाच पर्जन्यछायेत आहेत! मध्ये नुसती नदी आहे!" पण कोण ऐकतंय? शिव्यांत शास्त्र सांभाळायचं कुणाला सुचतं? साहेब मात्र पोट धरून हसत होते. इतक्यात पलीकडून एक ढेकूळ येऊन त्यांच्या सोला टोपीवर फुटलं. माझी पाचावर धारण बसली. त्यांनी टोपी काढली, ढेकळाचा तुकडा उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "मुरमाडच आहे हो! मुलगी खरं बोलत होती."

मग बार रंगला. आमच्या पोरी वर्षभर जे जे शिकल्या ते सगळं त्यांनी त्या डोहापलीकडे फेकलं. तुमच्या डोक्यावरची जमीन बरड, तिथं पाणी ठरत नाही आणि अक्कलही. तुम्हाला उत्तर कुठली विचारली तर चूल दाखवता. साहेबही आता भानावर राहिले नव्हते. "प्रमाण! प्रमाण विचारलं नाही अजून!" असं ते माझ्या कानाशी ओरडले, आणि मी, देवाशपथ सांगते, मुलींना ओरडून सांगितलं, "प्रमाण घ्या गं!"

तेव्हा त्या उंच मुलीनं शेवटचा घाव घातला. डोहात गोल फिरणाऱ्या दाराकडे हात केला आणि गायली,

"इंचले चार मैल मोजी दिन्ह्या वं,
आमना गावले टिपका, तुमना टिपकाबी नही वं!
आमना टिपकाखाले तुमना गाव दबी गया वं!"

आणि हे मात्र शंभर टक्के बरोबर होतं. आमच्या गावाची गुंजच एवढी, की पलीकडचं गाव तिच्याखाली येणारच. इंचाला चार मैल म्हटल्यावर नदीचं पात्र केवढं दिसणार?

पलीकडे सगळं गप्प झालं. मी इतकी वर्षं बार पाहिले, इतकी शांतता ऐकली नाही. त्यांना काळ्या म्हटलं असतं, भिकारी म्हटलं असतं, त्यांनी दामदुपटीनं परत केलं असतं. पण तुमचं गावच नाही, असं कुणी म्हटलं तर त्यावर काय गायचं? ती म्होरकी बाई तोंड उघडून उभी राहिली आणि मग तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. आमच्याकडे ढोल वाजायला लागला. अक्का नाचली. दिपोटीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर एका लिंबाच्या सावलीत बसून त्यांनी सात मुलींना प्रश्न विचारले. हवामान, माती, झाडं, दिशा, प्रमाण, सगळं. एकीचंही उत्तर चुकलं नाही. नकाशा नव्हता म्हणून त्यांनी वाळूत काढायला लावला, आणि पोरींनी तो उलट्या बाजूला बसूनही बरोबर काढला. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो.

साहेबांनी डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं ते. मग म्हणाले, "बाई, असा वर्ग मी पाहिला नाही. पण पट सातचा आहे. नियम बाराचा आहे. मी उद्या दुपारी उन्हं उतरली की निघणार. तोवर बारा दाखवा, नाहीतर मला पाचवी बंद लिहावी लागेल. माझा नाइलाज आहे."

खरं सांगते, मला रडू कोसळलं. त्या उंच मुलीच्या पायात अजून पैंजण वाजत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला ऐकू गेलं होतं.  अक्का दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दारोदार फिरली. तिच्या हाकेनं गाव हादरलं असेल, पण एक आई तयार झाली नाही. सणाच्या माहेरवाशिणी परत निघालेल्या, घरोघरी गडबड, कुणाला पाचवीची पडलीय? दुपारी साहेब शाळेत येऊन बसले. शाईची दौत उघडली. मी भिंतीला टेकून उभी होते. अक्का उंबऱ्यात बसली होती आणि तिची नात तिच्या मागं.

तेवढ्यात नदीच्या वाटेनं बायकांचा एक घोळका आला. पुढं कालची ती पलीकडची म्होरकी. डोक्यावर पदर, चेहरा रागानं फुललेला, आणि मागं पाच पोरी, डोहाच्या खालचं कोरडं पात्र ओलांडून आलेल्या, पायांना वाळू. माझ्या मनात आलं, आता ढेकळं इथं येणार. साहेबांनीही टोपी घातली.

बाई उंबऱ्याशी थांबली. साहेबांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तरीणबाई तुम्हीच का?"

"मीच."

"ह्या आमन्या पोरी. बठ्ठ्यासनी चौथी व्हयेल शे." चौथी झालेल्या त्या पाचही जणींना तिनं माझ्यापुढं ढकललं. "पावसाळामा नदी उनी तं ह्या अल्याड आत्यान्या घर ऱ्हातीन. लिखा ह्यास्ना नावं."

मी पट साहेबांपुढं सरकवला. साहेबांनी टाक शाईत बुडवला. "बाई," ते म्हणाले, "काल एवढा अपमान झाला आणि आज पोरी शिकायला आणल्यात?"

ती वळली नाही. माझ्याकडेच बघत होती. तिचा आवाज मात्र खाली आला.

"आमना गावना टिपकाबी नही म्हणे," ती म्हणाली. "तं तो टिपका कसा देतस, ते ह्यासले शिकाडा."